मेदोविलयनाची इंजेक्शने आणि आपण वैद्य

गेल्या दिवाळीनंतरच्या आठवड्यात आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचे पत्र आले. तालुक्याच्या गावी अकरा वर्षे व्यवसाय, स्वतःचे छोटे पंचकर्म केंद्र, रुग्णांत चांगले नाव. एका औषध वितरकाचा प्रतिनिधी त्याच्याकडे येऊन गेला होता. हनुवटीखालची चरबी, दंडाची चरबी, पोटावरची वळी 'विनाशस्त्रक्रिया विरघळविणारी' इंजेक्शने, शहरातील एका हॉटेलात एक दिवसाची कार्यशाळा, संध्याकाळी प्रमाणपत्र आणि सोबत बारा कुप्यांची पेटी असा तो प्रस्ताव होता. एका बैठकीस रुग्ण जे पैसे देईल ते पूर्ण बस्तिक्रमाच्या शुल्काहून अधिक होते. तीन रुग्णांनी तर नावेही नोंदविली होती. पत्राच्या शेवटी त्याने विचारले होते, "सर, सूचिकाभरण आपलेच ना? मग सुई आपल्याला परकी कशी?"

असा प्रश्न त्या एकट्याचा नाही. गेल्या दोन वर्षांत परिषदेच्या बैठकांत, चहाच्या वेळी, तो आम्ही निरनिराळ्या मुखांतून ऐकला आहे. म्हणून त्याला जे उत्तर लिहिले तेच थोडे विस्ताराने येथे देत आहोत.

प्रथम एक घोटाळा दूर करावयास हवा. हल्ली 'वजनाचे इंजेक्शन' या एकाच नावाखाली रुग्ण दोन सर्वथा भिन्न गोष्टी विचारतात. टिर्झेपेटाइड मार्च २०२५ मध्ये आणि सेमाग्लुटाइड हे वजनासाठीचे इंजेक्शन जून २०२५ मध्ये भारतात उपलब्ध झाले. ती भूक व तृप्ती यांवर कार्य करतात, आठवड्यातून एकदा त्वचेखाली घेतली जातात आणि संपूर्ण शरीराचे वजन उतरवितात. त्यांचा विचार या लेखात नाही. आपला विषय आहे ती इंजेक्शने जी नेमक्या जागी, चरबीच्या थरातच टोचून तेथील मेदपेशी फोडतात.

या उपचाराचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. १९५२ मध्ये मिशेल पिस्तोर या फ्रेंच वैद्यकाने दम्याच्या एका रुग्णास प्रोकेन दिले. दमा फारसा हलला नाही, परंतु त्या बहिऱ्या रुग्णास काही काळ ऐकू येऊ लागले. त्यावरून पिस्तोर यांनी कानाभोवती त्वचेत बारीक बारीक टोचण्या देण्यास आरंभ केला आणि पुढे या पद्धतीस मेसोथेरपी हे नाव दिले. पद्धत वेदनेसाठी जन्मली. चरबीशी तिचा संबंध पुष्कळ नंतरचा. दुसरीकडे जर्मनीत सोयाबीनपासून मिळणारे फॉस्फॅटिडिलकोलीन शिरेवाटे देण्याचे औषध होते. अस्थिभंगानंतर रक्तात चरबीचे कण अडकून होणाऱ्या उपद्रवांसाठी ते वापरीत. हे द्रव्य पाण्यात सहज मिसळत नाही, म्हणून त्यात सोडियम डिऑक्सिकोलेट हे पित्तलवण विद्रावक म्हणून घालीत असत.

ब्राझीलमधील त्वचारोगतज्ज्ञ पॅट्रिशिया रिटेस यांनी २००१ मध्ये डोळ्याखालच्या फुगीर मेदपुटात हेच औषध टोचून ३० रुग्णांवरील अनुभव प्रसिद्ध केला आणि जगभर एक लाट उसळली. सोयाबीनचे, नैसर्गिक, शरीरातच असणारे द्रव्य म्हटल्यावर विक्रेत्यांना आणखी काय हवे? सौंदर्यगृहांपर्यंत सुया पोहोचल्या. ब्राझीलच्या औषध नियंत्रण संस्थेने २००३ मध्येच सौंदर्यासाठी होणारा हा वापर रोखला, तरी लाट ओसरली नाही.

२००४ मध्ये मात्र कॅलिफोर्नियातील अ‍ॅडम रोटुंडा, मायकेल कोलॉडनी व सहकाऱ्यांनी एक साधा प्रश्न विचारला. या मिश्रणातील काम नेमके कोण करते? त्यांनी मूळ मिश्रण व नुसते डिऑक्सिकोलेट यांची पेशींवर व ऊतींवर तुलना केली. परिणाम जवळजवळ सारखाच निघाला. ज्यास औषध समजत होते ते फॉस्फॅटिडिलकोलीन बाजूस राहिले आणि केवळ वाहन म्हणून घातलेले पित्तलवणच पेशी फोडीत होते. आपल्या परिभाषेत बोलावयाचे तर अनुपानच औषध निघाले! आम्हांस ही कथा फार प्रिय आहे, कारण संयोगात प्रत्येक द्रव्याचे कर्म वेगळे तपासल्यावाचून श्रेय कोणास द्यावे हे कळत नाही, हे आपल्याही कल्पांना लागू आहे. आपण ते कितीदा तपासतो, हा प्रश्न तूर्त बाजूस ठेवू.

डिऑक्सिकोलिक आम्ल आपल्या आतड्यात असतेच. यकृत कोलिक आम्ल बनविते, आतड्यातील जंतू त्याचे रूपांतर डिऑक्सिकोलिकमध्ये करतात, आणि आहारातील स्नेहाचे बारीक कण करून तो पचनयोग्य करण्यास ते साह्य करते. साबण तेलकट भांड्यावर जे करतो तेच हे. परंतु पेशीचे आवरणही स्नेहाचेच असते. म्हणून तेच द्रव्य आतड्याच्या पोकळीऐवजी ऊतीत टोचले की ते पेशीचे आवरण मोडते व पेशी फुटते. ते मेदपेशीस ओळखून निवडते असे नाही. स्नायू व त्वचा यांत प्रथिने विपुल असल्याने तेथे ते प्रथिनांशी बांधले जाऊन बरेचसे निष्प्रभ होते. मेदात प्रथिने अल्प, म्हणून तेथे ते मोकाट राहते. निवड असेल तर एवढीच, आणि सुईचे टोक दोन-तीन मिलिमीटर चुकले की तीही उरत नाही.

फुटलेल्या पेशींचे पुढे काय होते, हे कार्यशाळेत बहुधा सांगत नाहीत. 'चरबी विरघळून लघवीवाटे जाते' ही विक्रेत्याची भाषा आहे. प्रत्यक्षात त्या जागी शोथ उत्पन्न होतो, भक्षक पेशी येऊन मलबा उचलतात आणि काही आठवड्यांनी तेथील तंतुमय पडदे जाड होतात. हनुवटीखालची त्वचा थोडी आवळल्यासारखी दिसते ती त्यामुळे. अर्थात हा उपचार म्हणजे हेतुपुरस्सर केलेला, मर्यादित, रासायनिक दाह होय. त्यास 'विलयन' म्हणणे सौम्य आहे, 'दहन' म्हणणे अधिक खरे.

यातील एका शुद्ध व प्रमाणित औषधास, डिऑक्सिकोलिक आम्लाच्या दर मिलिलिटरला १० मिलिग्रॅम द्रावणास, अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २९ एप्रिल २०१५ रोजी मान्यता दिली. मान्यता कशासाठी, हे नीट पाहावे. प्रौढांच्या हनुवटीखालील मध्यम ते तीव्र मेदासाठी. पोट, दंड, मांडी यांसाठी नव्हे. एक सेंटिमीटर अंतरावर ०.२ मिलिलिटरची एक टोचणी, एका बैठकीत जास्तीत जास्त ५० टोचण्या म्हणजे १० मिलिलिटर, दोन बैठकांत किमान एक महिना, आणि बैठका फार तर सहा. हजाराहून अधिक लोकांवर दोन मोठ्या चाचण्या झाल्या होत्या. त्या चाचण्यांतील औषध घेतलेल्यांपैकी ८७ टक्क्यांस सूज आली, ७२ टक्क्यांस रक्त साकळले, ७० टक्क्यांस वेदना झाल्या, ६६ टक्क्यांस बधिरता आली. १०० पैकी चौघांच्या जबड्याच्या कडेने जाणाऱ्या चेहऱ्याच्या नाडीशाखेस इजा होऊन हसू वाकडे झाले. ते बहुतेकांचे सुमारे दीड महिन्यात सुधारले, कोणास कित्येक महिने लागले. दोघांस गिळण्याचा त्रास झाला. हे सर्व निष्णात हातांनी, निवडलेल्या रुग्णांवर, शुद्ध औषधाने. म्हणूनच जबड्याच्या खालच्या कडेपासून एक ते दीड सेंटिमीटरच्या पट्ट्यात टोचू नये असा स्पष्ट निर्देश आहे.

येथे सुश्रुताचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. सूत्रस्थानातील क्षारपाकविधीच्या अध्यायात क्षार कोठे लावू नये याची यादी आहे. मर्म, सिरा, स्नायू, संधी, जेथे मांस अल्प आहे अशा जागा. आणि त्या यादीत 'गल' प्रदेशही आहे. सुश्रुतास डिऑक्सिकोलेट ठाऊक होते असे आम्ही कदापि म्हणणार नाही. असले दावे करणाऱ्यांनी शास्त्राचे जेवढे नुकसान केले तेवढे विरोधकांनीही केलेले नाही. त्याचप्रमाणे रसशास्त्रात पंचपित्ताच्या भावना आहेत म्हणून पित्तलवणाचे इंजेक्शन 'आपलेच' होते, हा युक्तिवादही पोकळ आहे. परंतु जे द्रव्य ऊती जाळते त्याच्यासाठी द्रव्यगुणाआधी स्थान पाहावे, ही विचारपद्धती आपल्या शल्यतंत्राने फार पूर्वी घालून दिली आहे. एक दिवसाच्या कार्यशाळेतून नेमकी तीच गहाळ होते.

आता आम्हांवरच गुदरलेला प्रसंग सांगितला पाहिजे. काही वर्षांपूर्वी चाळिशीच्या आतबाहेरच्या एक बाई आमच्याकडे आल्या. पोटावर बेंबीच्या दोन्ही बाजूंस तांबूस, कठीण, दुखऱ्या गाठी. दोहोंतून पातळ स्राव. ताप नव्हता. पाच आठवड्यांपूर्वी एका सौंदर्यगृहात 'इंच कमी करण्याची' इंजेक्शने घेतल्याचे त्यांनी प्रथम सांगितलेच नाही, लाजल्या. आम्हीही खोदून विचारले नाही, ही आमची चूक. विद्रधी समजून आम्ही दहा दिवस लेप व गुग्गुळकल्प दिले. त्याआधी घरच्या डॉक्टरांनी नेहमीची प्रतिजैविके देऊन झाली होती. दहाव्या दिवशी तिसरी गाठ उमटली तेव्हा आमचे डोळे उघडले. "ताई, येथे कोणी काही टोचले होते काय?" असे विचारताच त्यांना रडू कोसळले. स्रावाच्या नेहमीच्या तपासणीत काहीच आले नव्हते. मायकोबॅक्टेरियासाठी मुद्दाम तपासणी मागितली तेव्हा क्षयाच्या जंतूच्या कुळातील, परंतु त्वरेने वाढणारा, पाण्यात व मातीत राहणारा जंतू मिळाला. पुढे शल्यचिकित्सकाने गाठी उघडल्या आणि कित्येक महिने एकाहून अधिक औषधे घ्यावी लागली. पोटावरचे खड्डे कायमचे राहिले. आमचे ते दहा दिवस वाया गेले नसते तर तिसरी गाठ टळली असती की नाही, सांगता येत नाही. परंतु ते दहा दिवस आम्ही विसरलेलो नाही.

हा प्रकार अपवादात्मक नाही. २००५ च्या आरंभी अमेरिकेत वॉशिंग्टन परिसरात परवाना नसलेल्या व्यक्तीकडून अशाच टोचण्या घेतलेल्या लोकांमध्ये याच कुळातील जंतूंच्या गाठींची साथ उद्भवली आणि तेथील रोगनियंत्रण केंद्राने तिची नोंद प्रसिद्ध केली. २०१० मध्ये तेथील औषध प्रशासनाने चरबी विरघळविण्याचे अप्रमाणित दावे करणाऱ्या सौंदर्यकेंद्रांना ताकीदपत्रे पाठविली. २०२३ मध्ये पुन्हा, बाजारात खुलेआम मिळणाऱ्या अमान्य मेदोविलयन इंजेक्शनांविषयी जनतेस इशारा द्यावा लागला. व्रण, जंतुसंसर्ग व विद्रूपता हे उपद्रव त्यात नमूद आहेत. तेव्हा टोचल्यानंतर दोन ते आठ आठवड्यांनी उमटलेली, प्रतिजैविकांना न जुमानणारी गाठ दिसली तर वैद्याने लेप लावण्यापूर्वी इंजेक्शनाविषयी, आणि तेही एकांतात, विचारावे.

विद्यार्थ्याने कुपीवरील चिठ्ठीचे छायाचित्र पाठविले होते. त्यावर फॉस्फॅटिडिलकोलीन, डिऑक्सिकोलेट आणि दोन वनस्पतींचे अर्क एवढे लिहिले होते. 'नैसर्गिक' हा शब्द ठळक होता. भारतातील उत्पादन परवान्याचा क्रमांक नव्हता, आयातदाराचे नाव नव्हते. वनस्पतींचे अर्क आहेत म्हणून हे आयुर्वेदीय औषध ठरेल काय? नाही. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० यातील आयुर्वेदीय पेटंट वा मालकी औषधाची व्याख्याच इंजेक्शनावाटे द्यावयाच्या औषधास वगळते. विसाव्या शतकाच्या मध्यास उत्तरेतील काही कारखाने आयुर्वेदीय इंजेक्शने विकीत असत आणि आमच्या गुरुजनांपैकी कित्येकांनी ती वापरली होती. तो काळ संपला. सूचिकाभरणाविषयी म्हणाल तर ते सन्निपातात, मरणोन्मुख रुग्णाच्या मस्तकाची त्वचा खरवडून सुईच्या टोकावर मावेल एवढे द्यावयाचे औषध. प्राण जाताना केलेल्या साहसाचा आधार घेऊन हनुवटीच्या शोभेसाठी टोचावे, ही तुलना करताना आमच्या विद्यार्थ्यालाही थोडे हसू आले असावे.

आधुनिक औषधे वापरण्याचा आपला अधिकार हा स्वतंत्र विषय आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये डॉ. मुख्तियार चंद खटल्यात तो अधिकार राज्याच्या कायद्यावर अवलंबून असल्याचे सांगितले. नोव्हेंबर २०२० च्या अधिसूचनेतील ५८ शस्त्रकर्मांची यादी शल्य व शालाक्य या विषयांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी होती. ती ताणून सामान्य व्यावसायिकाच्या अंगावर घालता येत नाही. आणि समजा, सर्व अधिकार मिळाले तरी परवान्यावाचूनची कुपी परवानाप्राप्त होत नाही. आणखी एक गोष्ट आपल्या सभासदांना कटू वाटेल, पण लिहितो. औषधे व जादूटोणा उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा, १९५४ याच्या अनुसूचीत स्थौल्याचाही समावेश आहे. पंचकर्म केंद्रांच्या दारावर 'स्थूलता हमखास दूर' असे जे फलक दिसतात ते त्या कायद्यात बसत नाहीत. इंजेक्शनवाल्यांकडे बोट दाखविताना उरलेली बोटे कोठे वळतात ते पाहावे.

चिकित्सेच्या दृष्टीने मूळ प्रश्न वेगळाच आहे. चरकाने अष्टौनिंदितीय अध्यायात अतिस्थूलाचे जे दोष सांगितले त्यांत आयुष्याचा ऱ्हास, दौर्बल्य, अतिक्षुधा, अतितृष्णा आहेत. दुहेरी हनुवटी नाही. त्याची दृष्टी साठलेल्या मेदाच्या ढिगावर नसून त्या ढिगामागच्या बिघडलेल्या अग्नीवर व अडलेल्या मार्गांवर आहे. या दृष्टीस पुष्टी देणारा एक आधुनिक प्रयोग प्रत्येक वैद्यास ठाऊक असावा. सॅम्युएल क्लाइन व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये १५ स्थूल स्त्रियांच्या पोटावरील त्वचेखालची सुमारे ९ ते १० किलो चरबी शस्त्रक्रियेने शोषून काढली. दहा ते बारा आठवड्यांनी पाहता इन्सुलिनची संवेदनशीलता, रक्तदाब, रक्तातील स्नेह यांत लक्षणीय सुधारणा नव्हती. दहा किलो काढून जे साधले नाही ते दहा मिलिलिटर टोचून साधेल अशी आशा कोणी रुग्णास दाखवीत असेल तर ती फसवणूक आहे. ज्या भारतीय स्त्रीच्या कमरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या व पुरुषाचा ९० च्या वर आहे त्यास आहार, व्यायाम, निद्रा आणि गुरु परंतु अपतर्पण करणारी चिकित्सा हवी. लेखनबस्ती, उद्वर्तन, यव, मुद्ग, त्रिफळा ही आपली शिदोरी तेथे आहे.

मात्र प्रामाणिकपणा दोन्ही बाजूंनी हवा. उद्वर्तनाने त्वचा सुधारते, अंग हलके वाटते. परंतु त्याने हनुवटीखालचाच मेद निवडून जातो असे आम्ही आमच्या इतक्या वर्षांत पाहिलेले नाही आणि तसे रुग्णास सांगतही नाही. सडपातळ बांध्याच्या तरुण मुलीस आजीसारखी हनुवटी असेल तर तो स्थौल्य नव्हे. चरकानेच स्थौल्याच्या हेतूंत बीजस्वभावही सांगितला आहे आणि बीजापुढे लंघन हतबल असते. अशा मुलीस उपाशी ठेवणे हा अपराध होईल. तिला या रूपाचे खरेच दुःख असेल, आणि असू शकते, तर सर्व धोके सांगून तिला त्वचारोगतज्ज्ञाकडे वा प्लास्टिक सर्जनकडे पाठवावे. त्यात वैद्याचा कोणताही कमीपणा नाही.

पाठविण्यापूर्वी हात मात्र लावावा. हनुवटीखालची प्रत्येक फुगवटी मेदाची नसते. लसीकाग्रंथी, लालाग्रंथी, गलगंड, वयानुसार सैल पडलेला मानेचा पातळ स्नायू, हे सर्व तेथे मेदासारखे दिसू शकतात. दर्शन, स्पर्शन, प्रश्न या त्रिविध परीक्षेला येथे दोन मिनिटे लागतात. रुग्णास पाणी गिळावयास सांगावे, मग जीभ बाहेर काढावयास सांगावे, आणि दोन्ही वेळा बोट गाठीवर ठेवावे.

हे सर्व आम्ही त्यास लिहून कळविले. तीन आठवड्यांनी उत्तर आले. पेटी त्याने परत केली होती. आगाऊ रक्कम मिळालेली नाही, मिळेल असे दिसत नाही. नावे नोंदविलेल्या तिघांना त्याने बोलावून तपासले. दोघींना नुसताच मेद होता व त्यांतील एकीस आपल्या नकाराचा राग आला, असे त्याने प्रांजळपणे लिहिले आहे. तिसरी एकोणीस वर्षांची, लग्न ठरलेली मुलगी. तिच्या हनुवटीखाली मधोमध गुळगुळीत फुगवटी होती, आणि जीभ बाहेर काढताच ती वर सरकली. गर्भावस्थेत गलग्रंथी जिभेच्या मुळापासून खाली उतरते तेव्हाचा मार्ग उरून राहिला की तेथे अशी द्रवाची पिशवी होते. क्वचित त्या मुलीची सारी गलग्रंथी तेथेच असते, म्हणून शस्त्रक्रियेआधी ग्रंथी आपल्या जागी आहे की नाही हे सोनोग्राफीने पाहावे लागते. हा अंक छपाईस जाईपर्यंत तिचा अहवाल आलेला नाही.